रोमच्या खाणावळीत सासूबाईंनी काय खावं?

पत्र : माझी मुलगी रोममध्ये नोकरी करते. एप्रिलमध्ये मी, यजमान आणि ७६ वर्षांच्या सासूबाई तिच्याकडे जाणार आहोत. तिने तेस्ताच्चो नावाच्या भागातल्या एका अस्सल रोमन खाणावळीत रात्री साडेआठचं टेबल सांगून ठेवलंय. सासूबाई कडक शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. यजमान मटण खातात, पण गाय आणि डुक्कर नाही. मी मासे आणि कोंबडी खाते. यजमान म्हणतात, “वीस-वीस युरो देऊन शेवया खाण्यापेक्षा स्टेशनजवळच्या पंजाबी हॉटेलात जाऊ.” मुलीने बजावलंय, “आई, तिथे पर्समधून चटणीची डबी काढू नकोस आणि वेटरला शंभर प्रश्न विचारू नकोस.” हे मला फार लागलं. आम्ही एवढे गावंढळ आहोत का? आणि सासूबाई उपाशी तर राहणार नाहीत ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, चटणीच्या बाबतीत तुमची मुलगी बरोबर आहे आणि प्रश्नांच्या बाबतीत तुम्ही.

प्रश्न खुशाल विचारा. रोमन माणूस स्वतः खाणावळीत बसला की वेटरचा जीव खातो. आर्टिचोक, म्हणजे कळीसारखी दिसणारी ती भाजी, आजचे आहेत का, पास्ता घरी लाटलेला की पुड्यातला, आईला मीठ कमी चालतं तर काय घ्यावं, सगळं विचारून होतं. वेटर तुटक बोलेल, हसणार नाही, बोलता बोलता दुसऱ्या टेबलावरच्या बशा उचलेल. तो रागावलेला नसतो, तिथली रीतच तशी आहे. चौकशी करणारं गिऱ्हाईक त्याला रोजचं असतं. वैताग येतो तो पदार्थ बदलून मागणाऱ्याचा. “यातलं डुकराचं मांस काढा, त्याऐवजी मशरूम घाला, वर थोडं क्रीम” असं सांगितलंत तर सरळ ‘नाही’ ऐकू येईल. तेव्हा बदल मागू नका, आहे त्यातून निवडा. निवडायला भरपूर आहे, सासूबाईंनासुद्धा.

चटणी का नको, तेही सांगते. रोमचे पदार्थ तीन-चार जिनसांवर उभे असतात. काचो ए पेपे या पास्त्यात मेंढीच्या दुधाचं खारट चीज, भरड मिरी आणि पास्ता शिजवलेलं पाणी, बस्स. त्यावर शेंगदाण्याची चटणी पडली की फक्त चटणीच लागणार. मग सांगलीहून एवढ्या लांब कशाला यायचं? मुलीच्या घरी रोज सकाळी डबी उघडा, ब्रेडवर घालून खा, कोणी काही म्हणणार नाही.

मुलीच्या बोलण्यातला काटा मात्र जरा वेगळ्या नजरेने बघा. तुम्ही परत आल्यावरही तिला त्या गल्लीत राहायचंय, त्याच खाणावळीत जायचंय. आपली माणसं तिथे कशी दिसतील याची तिला धास्ती आहे. तिला भाषा येते, तुम्हाला येत नाही, म्हणून काम तिच्याकडेच सोपवा. “मी तिथे गप्प बसते, पण आजीसाठी विचारायचं ते तू आधी फोन करून विचारून ठेव.” काय विचारायचं ते पुढे सांगते.

त्याआधी वेळ बदला. रात्रीच्या साडेआठच्या टेबलावर पहिली बशी यायला सव्वानऊ वाजतील, जेवण उरकायला अकरा. ७६ वर्षांच्या बाईला हे कशाला? रोमच्या खाणावळी संध्याकाळी साडेसातच्या आधी सहसा उघडत नाहीत, त्यामुळे ‘लवकर जाऊ’ हा मार्गही नाही. दुपारचं, एक वाजताचं टेबल घ्या, तेही शक्यतो रविवारचं. रोमन घरं रविवारी दुपारी आजी-आजोबा, लेकरं-बाळं घेऊन खाणावळीत येतात. आवाज इतका असतो की तुमचं मराठी कोणाच्या कानावरही जाणार नाही. काही खाणावळी रविवारी बंद असतात, तसं असेल तर शनिवार घ्या. अडीच-तीननंतर स्वयंपाकघर बंद होतं, म्हणून ‘निवांत जाऊ’ म्हणत पावणेतीनला पोहोचू नका.

आता तेस्ताच्चोबद्दल. हा भाग शहराच्या जुन्या कत्तलखान्याभोवती वाढला. १८९०च्या सुमारास तो सुरू झाला आणि १९७५ साली बंद पडला. चांगलं मांस श्रीमंतांकडे आणि चर्चकडे जायचं, उरलेली आतडी, वजडी, शेपूट इथल्या कामगारांच्या वाट्याला यायची. त्यातून जे पदार्थ झाले तेच आज तिथे मानाचे आहेत. त्यामुळे मेनूवर वजडी, बैलाची शेपूट, दूधपित्या वासराची आतडी घातलेला पास्ता, हे सगळं दिसेल. सासूबाईंना त्याचा तर्जुमा करून सांगू नका. पण तुम्हाला आणि यजमानांना चार शब्द पाठ हवेत. ‘मान्झो’ म्हणजे गाय-बैलाचं मांस, ‘वितेल्लो’ वासराचं, ‘माइआले’ डुकराचं, ‘कोदा’ म्हणजे शेपूट. ‘साल्तिम्बोक्का’ नावाचा पदार्थ सगळीकडे असतो, त्यात वासरू आणि डुक्कर दोन्ही. ‘पोल्पेत्ते’ हे गोळे दिसायला कोफ्त्यासारखे, पण आत बहुधा गोमांसच.

यजमानांची सोय यात सर्वांत सोपी आहे. रोमला ‘आब्बाक्यो’ म्हणजे कोवळ्या कोकराचं मांस खाण्याची जुनी परंपरा आहे, आणि एप्रिल हा ईस्टरचा, म्हणजे त्याचाच हंगाम. बटाट्यांबरोबर ओव्हनमध्ये भाजलेलं घ्या, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्या घ्या. त्या चटका बसेल इतक्या गरम येतात आणि हाताने खाल्ल्या तरी चालतात. मटण खाणाऱ्या माणसाला पंजाबी हॉटेल आठवायचं कारण उरणार नाही.

तुमच्यासाठी ‘बाक्काला’, म्हणजे खारवलेला कॉड मासा, पिठाच्या घोळात बुडवून तळलेला. ताजा अख्खा मासा घेणार असाल तर किंमतीशेजारी ‘आल्लेत्तो’ लिहिलंय का ते पाहा. ती किंमत १०० ग्रॅमची असते. ६ युरो वाचून मागवलेला किलोभराचा मासा ६० युरोंना पडतो आणि मग यजमान परतीच्या विमानापर्यंत तेच बोलत राहतात. कोंबडी हवी असेल तर ‘पोल्लो’ शोधा. तिच्यासोबत ‘पेपेरोनी’ लिहिलं असेल तर ती ढोबळी मिरची, पिझ्झावरच्या मांसाच्या चकत्या नव्हेत.

आता सासूबाई. त्यांनी लग्नाच्या पंगतीत पास्त्याचा लाइव्ह काउंटर नक्की पाहिला असेल. पांढरा सॉस, मक्याचे दाणे, वर भरपूर चीज. तसलं काही रोममध्ये मिळणार नाही. पास्ता दाताखाली किंचित कडक लागेल आणि त्या “कच्चट राहिलाय” म्हणतील. तो तसाच असतो हे घरूनच सांगून ठेवा. फार तर मुलगी वेटरला ‘बेन कोत्ता’ म्हणेल, म्हणजे नीट शिजवलेला. वयस्कर माणसासाठी एवढं मागितलं तर कोणी नाक मुरडत नाही.

अंड्याची गोम पिठात आहे. पुड्यातला सुका पास्ता, म्हणजे स्पगेत्ती, पेन्ने, रिगातोनी, हा रव्याच्या गव्हाचा आणि पाण्याचा, त्यात सहसा अंडं नसतं. हाताने लाटलेला ताजा पास्ता, फेत्तुचीने, लाझान्या, राव्योली, यात अंडं जवळजवळ ठरलेलं. गंमत अशी की काचो ए पेपे रोममध्ये पुष्कळदा ‘तोन्नारेल्ली’ या ताज्या पास्त्यावर देतात आणि त्या पिठातही अंडं असू शकतं. तेव्हा पास्ता कशाचा, हा पहिला प्रश्न.

दुसरी गोम चीजची. पेकोरिनो रोमानो, म्हणजे काचो ए पेपेतलं ते मेंढीच्या दुधाचं चीज, बनवताना दूध फाडायला कोकराच्या जठरातला अर्क वापरतात, पार्मेझानमध्ये वासराच्या. दोन्ही चीजच्या नियमांतच ते आहे, त्यामुळे ‘शाकाहारी पार्मेझान’ खरं म्हणजे मिळूच शकत नाही. हे सासूबाईंना सांगायचं की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न. माझं मत विचाराल तर सांगावं. आयुष्यभर जे पाळलं ते परगावी दुसऱ्याने गुपचूप मोडायचं नाही. ऐकून त्या म्हणाल्या की चालेल, तर काचो ए पेपे मागवा. नाही म्हणाल्या तरी अडत नाही.

त्यांच्या नावाचा खरा पदार्थ आहे पेन्ने आराब्याता, आपल्याकडची मुलं अराबियाटा म्हणतात तोच. टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल आणि सुकी लाल मिरची. पास्ता सुका म्हणजे अंड्याचा प्रश्न नाही, वरचं चीज ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणून वगळता येतं. हा बदल मागण्यात मोडत नाही, चीज तसंही शेवटी वरून पडतं. तिखटही असतो, फक्त आपल्या मानाने बेताचा. लसूण नको असेल त्या दिवशी साधा टोमॅटो-तुळशीचा पास्ता विचारून घ्या. त्याच्या सॉसमध्येही लसूण असू शकते.

सोबत ‘चिकोरिया’ मागवा. कडवट पालेभाजी उकडून लसूण-मिरचीच्या तेलात परतलेली असते. सांगलीच्या बाईला ती ओळखीची वाटेल, भाकरी तेवढी नसेल. आणि एप्रिल आहे म्हणून आर्टिचोक चुकवू नका, हंगाम संपत आलेला असेल. ‘आल्ला रोमाना’ म्हणजे पुदिन्याच्या जातीचा पाला आणि लसूण भरून मऊ शिजवलेले. ‘आल्ला जुदीया’ म्हणजे तेलात दोनदा तळून फुलासारखे उमललेले, पाकळ्या पापडासारख्या कुरकुरीत. हा दुसरा प्रकार रोमच्या ज्यू लोकांचा. १५५५ साली पोप चौथा पॉल याने त्यांना नदीकाठच्या एका कोंदट मोहल्ल्यात डांबलं. तिथल्या स्वयंपाकघरांतून आलेला हा पदार्थ आज शहराचा अभिमान होऊन बसलाय.

त्याच मोहल्ल्याचा तुम्हाला आणखी एक उपयोग आहे. ज्यू धर्मनियमात मांस आणि दूध एकत्र शिजत नाही, म्हणून तिथल्या काही कोशर खाणावळी फक्त दुधाच्या असतात. त्यांच्या स्वयंपाकघरात मांस येतच नाही, मासे आणि अंडी मात्र येतात. सासूबाईंना ‘त्याच भांड्यात शिजवलं असेल’ हा विचार सतावत असेल तर दुसऱ्या दिवसाचं जेवण तिथे ठेवा. तेस्ताच्चोत ही हमी कोणी देणार नाही.

आता फसवे पदार्थ. भोपळ्याच्या जातीच्या फुलांची भजी बघून तुम्ही हरखून जाल, आपल्याकडेही करतात. पण रोममध्ये त्या फुलात मोझ्झारेल्लाबरोबर एक खारवलेली मासळी दडलेली असते. ‘पुन्तारेल्ले’ नावाचं हिरवंगार सॅलड, त्याच्या चटणीतही तीच मासळी वाटलेली. ‘सुप्ली’ हे भाताचे तळलेले गोळे, आतल्या सॉसमध्ये बहुधा मांस आणि बाहेर बहुधा अंडं. रिसोत्तो आणि सूप भाज्यांचं दिसतं, शिजवलेलं असतं मांसाच्या ‘ब्रोदो’त. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्ही रोमन पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस ठरलेलं आहे आणि ते काढून देता येत नाही, चरबी सॉसमध्येच असते. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर मासळी चालेल असा समज अनेकांचा असतो, म्हणून नुसतं ‘वेजेतारियाना’ म्हणून भागत नाही. मुलीला फोनवर हे सांगू द्या: “निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते आच्चुगे, निएन्ते उओवा, निएन्ते ब्रोदो.” मांस नाही, मासे नाहीत, ती खारी मासळी नाही, अंडी नाहीत, मांसाचं पाणी नाही. आणि पास्ता सुका मिळेल ना, हेही.

आणखी एक आधार आहे, फार कमी लोक वापरतात. युरोपात डिसेंबर २०१४पासून प्रत्येक खाणावळीला १४ ॲलर्जीकारक गोष्टींची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. पुष्कळ मेनूंवर पदार्थापुढे बारीक आकडे असतात आणि शेवटच्या पानावर त्यांचा तक्ता. त्या चौदांत अंडी आहेत, मासे आहेत, दूधही आहे. म्हणजे अंडं आणि मासळीचा उलगडा कोणालाही न विचारता होतो. मांस त्या यादीत नाही, तेवढं तोंडी विचारा.

मेनूचे पाच-सहा भाग बघून घाबरू नका. आधीचं तोंडी लावणं, मग ‘प्रीमी’ म्हणजे पास्ता, मग ‘सेकोन्दी’ म्हणजे मांस-मासे, ‘कोन्तोर्नी’ म्हणजे भाज्या, शेवटी गोड. सगळं घ्यायची सक्ती नाही, रोमन लोकही घेत नाहीत. सेकोन्दीची बशी येते तेव्हा तिच्यात नुसतं मांस असतं, भाजी वेगळी मागवावी लागते. तुम्ही चौघं आहात, तर दोन आर्टिचोक मध्ये ठेवा, तीन पास्ते, यजमानांना कोकरू, दोन भाज्या सगळ्यांत मिळून. मधल्या बशीतून वाटून खाणं तिथे अगदी चालतं. मात्र दोघांत एक पास्ता आणि वर नुसतं पाणी, असं करू नका. तिथे माणशी एक मुख्य पदार्थ धरलेला असतो.

पैशांचं म्हणाल तर त्या भागात साधा पास्ता १२ ते १५ युरोंना मिळतो, वीसला नाही. पाणी, पाव, गोड धरून चौघांचं बिल १०० ते १२५ युरोंच्या घरात जाईल. कमी नाहीच, पण रोज थोडंच जायचंय? ज्या ठिकाणी खरोखर लुटतात ती त्रेवी कारंज्याच्या आसपासची. दारात माणूस उभा राहून हाका मारतो, मेनूवर रंगीत फोटो असतात, दुपारी चार वाजताही जेवण मिळतं. तिथे मात्र यजमानांचं ऐका आणि पुढे चालू लागा.

पाणी बाटलीचंच येतं, ‘नातुराले’ म्हणजे साधं, ‘फ्रिझान्ते’ म्हणजे सोड्यासारखं. फुकटचं पाणी रस्त्यावर, लोखंडी नळांच्या कारंज्यांना. शहरात अशी सुमारे अडीच हजार आहेत, १८७४पासून लावलेली. पाणी पिण्याजोगं आणि गार, बाटली भरून घ्यायची.

गोडात तिरामिसू अंड्याचं असतं आणि पान्ना कोत्ता जिलेटिनची, जे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात, म्हणजे सासूबाईंना दोन्ही बाद. त्यांना फळं विचारा, एप्रिलअखेर गेलात तर स्ट्रॉबेरी मिळेल. नाहीतर जेवणानंतर बाहेर फळांचं आइस्क्रीम, ‘सोर्बेत्तो’, पाण्यात केलेलं असतं. त्यातही अंड्याचा पांढरा भाग आहे का ते विचारून घ्या. कॉफी जेवणानंतर काळी, छोट्या कपातली. दुधाची कापुचिनो सकाळी. दुपारी मागितलीत तरी देतील, तुम्हाला प्यायची असेल तर प्या, यात लाजण्यासारखं काही नाही. एवढ्यासाठी मुलीने डोळे वटारले तर दुर्लक्ष करा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. तासभर नुसतं बसून राहिलात तरी कोणी उठवणार नाही, आणि तासभर वाट पाहिलीत तरी कोणी आणून देणार नाही. ‘इल कोन्तो’ म्हणायचं. इटलीत इतरत्र माणशी ‘कोपेर्तो’ नावाची बैठकीची आकारणी असते, रोमच्या प्रांतात ती २००६ साली कायद्याने बंद केली. म्हणून बिलावर ‘पाने’, म्हणजे पावाचे पैसे दिसतील. पाव नको असेल तर टोपली येताक्षणी परत करा, अर्धी संपवून मग हुज्जत घालू नका. पण खरं सांगू का, ठेवून घ्या. आराब्यातातला उरलेला सॉस पावाने पुसून खातात, रोमन लोकही खातात, आणि सासूबाईंना सगळ्या जेवणात तेच सर्वांत आवडेल असा माझा अंदाज आहे. टिपेची सक्ती नाही, सुटे दोन-तीन युरो पुष्कळ झाले. आणि बिल मुलगी देते म्हणाली तर देऊ द्या. यजमानांना आधीच सांगून ठेवा, पाकीट काढून तिथे ओढाताण करायची नाही.